गणिताची पायरी आणि तिचे कारण

दहावीच्या विद्यार्थ्याने वहीतील वर्गसमीकरणावर मोबाइलचा कॅमेरा धरला, की काही क्षणांत त्या उदाहरणाची संपूर्ण उकल पडद्यावर उमटते. केवळ उत्तर नव्हे, तर कोणते पद कोणत्या बाजूस नेले, अवयव कसे पाडले, चिन्ह कोठे बदलले, हे सारे ओळीखाली ओळ असे व्यवस्थित मांडलेले असते. बारावीच्या विद्यार्थ्याला अवकलन आणि समाकलन यांची उदाहरणेही याच रीतीने सोडवून मिळतात. ती तशीच्या तशी वहीत उतरवून घेतली, की गृहपाठ पूर्ण होतो. दुसऱ्या दिवशी शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतात आणि विद्यार्थी, पालक व शाळा या तिन्ही पक्षांचे तात्पुरते समाधान होते.

या प्रकाराबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते ही सरळ सरळ नक्कल आहे आणि तिच्यावर बंदी घातली पाहिजे. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्या घरात गणित समजावून सांगणारे कोणी नाही, त्या घराला हा घरबसल्या मिळालेला शिक्षक आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु बंदी की स्वागत एवढ्यापुरताच हा वाद ठेवला, तर त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न नजरेआड होतो. शाळेने आजवर पायऱ्यांना जे मोल दिले, ते नेमके कशासाठी दिले? आणि त्या पायऱ्या आता फुकट मिळू लागल्यावर ते मोल शिल्लक राहते काय? हा खरा प्रश्न आहे, आणि तो यंत्राला विचारण्याचा नसून शिक्षणव्यवस्थेने स्वतःला विचारण्याचा आहे.

पायरीला गुण का?

‘उत्तर चुकले तरी चालेल, पण रीत दाखवा’ हे वाक्य मराठी शाळांत शिकलेल्या प्रत्येक पिढीने ऐकलेले आहे. परीक्षक उत्तरपत्रिका तपासताना पायरीपायरीला गुण देतात आणि शेवटच्या ओळीत बेरीज चुकली तरी आधीच्या ओळींचे श्रेय विद्यार्थ्याच्या पदरात पडते. ही पद्धत न्याय्य आहे, यात शंका नाही. तिच्यामागे एक गृहीत मात्र आहे. विचार डोक्यात होतो, तो परीक्षकाला दिसत नाही. कागदावर उमटलेली पायरी ही त्या विचाराची खूण आहे, असे ते गृहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर पायरी हे चलन आहे आणि समज हे त्या चलनामागचे तारण आहे. तारण तिजोरीत आहे असा विश्वास असेतोवर चलन चालते.

ही खूण आणि तिच्यामागील समज यांतला भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वर्गसमीकरण सोडवण्याची श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात जतन करून ठेवली आहे. अज्ञाताच्या वर्गाचा जो गुणक असेल त्याच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे, मग अज्ञाताच्या मूळ गुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा आणि वर्गमूळ काढावे, अशी ती रीत. समजा, २क्ष² + ५क्ष = ३ हे समीकरण आहे. दोन्ही बाजूंना ८ ने गुणल्यास १६क्ष² + ४०क्ष = २४ असे होते. २५ मिळवल्यास डावी बाजू (४क्ष + ५) या राशीचा पूर्ण वर्ग होते आणि उजवीकडे ४९ येतात. म्हणून ४क्ष + ५ ही राशी एकतर ७ असते किंवा उणे ७; त्यावरून क्ष ची किंमत अर्धा किंवा उणे ३ निघते. चार ओळींत उदाहरण संपते. पण ८ नेच का गुणायचे? डावी बाजू अपूर्णांकांच्या कटकटीशिवाय पूर्ण वर्ग व्हावी म्हणून. हे एक वाक्य ज्याला सांगता येते त्याला रीत समजली, आणि ज्याला येत नाही त्याच्या चारही ओळी बरोबर असल्या तरी त्या पाठ केलेल्या आहेत.

भास्कराचार्यांनी आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’वर स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले, ते नियमांमागील उपपत्ती सांगण्यासाठी. बीजगणित म्हणजे केवळ अक्षरचिन्हांचा खेळ नव्हे, बुद्धी हेच त्यातले खरे बीज, अशा आशयाचे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. ग्रंथ उपलब्ध असतानाही अध्ययनासाठी मठ लागत होता. लिहिलेली रीत आणि समजलेली रीत यांच्या मध्ये गुरूचा प्रश्न उभा असतो, एवढाच याचा अर्थ.

उकल विकत मिळण्याचा इतिहास

तयार उकल बाजारात मिळणे ही गोष्ट नवी नाही. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक उदाहरण सोडवून देणाऱ्या मार्गदर्शिका महाराष्ट्रात अनेक दशके खपत आल्या आहेत. त्यांच्या जोडीला अपेक्षित प्रश्नसंच आले, खाजगी शिकवण्या आल्या आणि क्लासांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. वर्गातील एका हुशार मुलाची वही सकाळी प्रार्थनेपूर्वी दहा जणांच्या हातांतून फिरत असे, तीही एक बाजारपेठच होती. फक्त तिथे मोबदला रोख दिला जात नसे.

यंत्राने गणित सोडवणे हेही काल-परवाचे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत जेम्स स्लॅगल यांनी १९६१ मध्ये समाकलनाची उदाहरणे सोडवणारी संगणकीय आज्ञावली तयार केली. तिच्यासमोर ठेवलेल्या ८६ उदाहरणांपैकी ८४ तिने सोडवली, आणि त्यांतील अनेक त्या संस्थेच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षांतून घेतलेली होती. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ कलनाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण यंत्राच्या आवाक्यात आहे. २००९ मध्ये ‘वुल्फ्रम अल्फा’ ही सेवा सुरू झाली; २०१४ मध्ये क्रोएशियातील तंत्रज्ञांनी कॅमेऱ्याने उदाहरण वाचून सोडवणारे ‘फोटोमॅथ’ बाजारात आणले, ते पुढे गूगलच्या मालकीचे झाले; आणि २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आल्यावर शाब्दिक उदाहरणेही यंत्रापुढे ठेवता येऊ लागली.

बदलली आहे ती यंत्राची शक्ती तितकी नाही, जितकी उकलीची किंमत. मार्गदर्शिकेला पैसे पडत, शिकवणीला त्याहून अधिक पडत, मित्राच्या वहीसाठी मिनतवारी करावी लागे. शिवाय मार्गदर्शिकेत पुस्तकातलेच उदाहरण असे; शिक्षकाने आकडे बदलले की तिचा उपयोग अर्ध्यावर येई. आता कोणतेही उदाहरण, कितीही आकडे बदलले तरी, विनामूल्य सुटते. ज्या वस्तूची किंमत शून्यावर येते, तिच्यावरून तिच्या मालकाच्या सामर्थ्याचा अंदाज बांधता येत नाही. गृहपाठाच्या वहीतील नीटनेटक्या पायऱ्यांचे आज नेमके हेच झाले आहे. चलन मुबलक झाले, तारण मात्र होते तेवढेच राहिले.

सोडवलेले उदाहरण वाईट नव्हे

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. सोडवलेले उदाहरण वाचणे म्हणजे आळस, आणि स्वतः झगडणे म्हणजेच अभ्यास, असे समीकरण अनेक जुने शिक्षक मांडतात. संशोधन त्याला पाठिंबा देत नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की बीजगणितात नवख्या असलेल्या विद्यार्थ्यांना नुसतीच उदाहरणे सोडवायला लावण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तर त्याच प्रकारची पुढील उदाहरणे ते लवकर आणि कमी चुका करून सोडवतात. कारण उघड आहे. नवख्या मुलाची सारी शक्ती वाट शोधण्यातच खर्च होते. वाटेचा आकार लक्षात घ्यायला ती उरत नाही. परंतु याच विचारधारेतील पुढील संशोधनाने दुसरी बाजूही दाखवली. विद्यार्थी जाणता होऊ लागला, की हीच मदत त्याला निरुपयोगी, प्रसंगी अडथळ्याची ठरते. म्हणून आधी संपूर्ण उकल, मग शेवटची एक-दोन पावले गाळलेली उकल, आणि अखेर कोरा कागद, असा क्रम ठेवावा लागतो. पोहायला शिकवणारा भोपळा पाठीला बांधतो, आणि योग्य वेळी सोडतोही. सोडण्याची वेळ ओळखणे हेच त्याचे कसब.

यंत्र ही वेळ ओळखत नाही, कारण मागेल त्याला मागेल तेवढे देणे हा त्याचा धर्म आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचा हा अहवाल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावाच्या वेळी एका गटाला सरसकट उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन दिले, दुसऱ्याला उत्तर न देता केवळ इशारे देणारे साधन दिले, आणि तिसऱ्या गटाला पुस्तक व वही एवढेच. सरावात पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची तब्बल १२७ टक्क्यांनी सरस ठरली. नंतर साधने काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट कधीही साधन न मिळालेल्या गटाच्या १७ टक्के मागे पडला. इशारे घेणाऱ्या गटाचे नुकसान टळले, पण त्याला ठळक लाभही झाला नाही. त्याहून चिंतेची गोष्ट ही, की पहिल्या गटातील मुलांना आपण मागे पडल्याची जाणीवच नव्हती. सरावातील यश त्यांना स्वतःचे वाटले होते.

दोन साधी उदाहरणे

हे नुकसान नेमके कोठे होते, ते दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. क्ष² = ५क्ष हे समीकरण पाहा. अनेक विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्ष ने भागतात आणि क्ष = ५ असे उत्तर लिहितात. ताळा करून पाहिला तर ५ हे उत्तर बरोबरच येते, म्हणून चूक लक्षातही येत नाही. पण शून्य हेही या समीकरणाचे उत्तर आहे आणि ते भागाकार करताना हरवले. यंत्र हे उदाहरण अचूक सोडवते. ते सर्व पदे एका बाजूस घेते, क्ष सामाईक काढते आणि दोन्ही उत्तरे देते. विद्यार्थी त्या तीन ओळी उतरवून घेतो. मात्र ‘क्ष ने का भागायचे नाही?’ हा प्रश्न त्याच्या मनात उठलेलाच नसतो, कारण भागण्याची चूक करण्याची संधीच त्याला मिळाली नाही. क्ष स्वतः शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, हे ज्ञान चुकीच्या वाटेवर ठेच लागल्याशिवाय सहसा पक्के होत नाही. शिक्षक ती ठेच मुद्दाम लागू देतो. यंत्र रस्ता आधीच झाडून ठेवते.

दुसरे उदाहरण कलनाचे. एका शेतकऱ्याकडे १०० मीटर लांबीचे कुंपण आहे. नदीकाठच्या जमिनीचा आयताकृती तुकडा त्याला तीन बाजूंनी बंदिस्त करायचा आहे. चौथ्या बाजूस नदीच आहे. जास्तीत जास्त क्षेत्र मिळण्यासाठी लांबी-रुंदी किती ठेवावी? रुंदी क्ष मानली तर लांबी १०० वजा २क्ष होते आणि क्षेत्रफळ १००क्ष वजा २क्ष². त्याचा अवकलज १०० वजा ४क्ष; तो शून्य केला की क्ष = २५. म्हणजे रुंदी २५ मीटर, लांबी ५० मीटर आणि क्षेत्र १,२५० चौरस मीटर. यातील अवकलज काढण्याची ओळ सर्वांत सोपी आहे, आणि वर्गात सर्वाधिक वेळ तिच्यावरच जातो. कठीण आहे ते गोष्टीचे समीकरण करणे, आणि अवकलज शून्य का करायचा हे समजणे. रुंदी २४ घेतली तर क्षेत्र २४ गुणिले ५२, म्हणजे १,२४८ येते. २६ घेतली तर २६ गुणिले ४८, पुन्हा १,२४८. माथ्यावर पोहोचल्यावर दोन्हीकडे उतारच असतो आणि माथ्यापाशी चढ थांबलेला असतो, ही गोष्ट या दोन गुणाकारांनी जितकी उमजते तितकी सूत्राने उमजत नाही. हाच विचार पुढे अर्थशास्त्रात सीमांत खर्च आणि सीमांत उत्पन्न यांच्या रूपाने भेटतो. तेथे अवकलन बिनचूक करणारे पदवीचे विद्यार्थी ‘आणखी एक नग बनवावा की नाही?’ या व्यापाऱ्याच्या साध्या प्रश्नापुढे अडखळतात. पायऱ्या येतात, पण त्या कोठे नेतात हे ठाऊक नसते.

परीक्षा काय मागते?

दोष विद्यार्थ्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. परीक्षा जे मागते, ते तो पुरवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत ‘कृती पूर्ण करा’ असा प्रश्न असतो. उकल छापलेली असते आणि मधल्या चौकटी भरायच्या असतात. शिकण्याची पायरी म्हणून हा प्रकार उत्तम आहे, परंतु पुढची ओळ पाहून मागची चौकट भरण्याची वाटही त्यात मोकळी असते. बारावीनंतर तर पायऱ्यांचे राज्यच संपते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात. चार पर्यायांतून एक निवडायचा. रीत कोणी पाहत नाही, आणि चुकीच्या उत्तराचे गुणही कापले जात नाहीत. अशा रीतीने विद्यार्थ्याला दहावीत पायऱ्यांचे गुण मिळतात आणि बारावीत पायऱ्या टाळण्याचे. पायरीचे कारण मात्र त्याला दोन्हीकडे क्वचितच विचारले जाते.

गृहपाठ आणि शाळांतर्गत काम यांच्यावर गुण सोपवले तर काय होते, याचा अनुभव २०२१ मध्ये आला. महासाथीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचा निकाल, दहावीचे अंतर्गत लेखी मूल्यमापन आणि गृहपाठ, तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके यांच्या आधारे निकाल लावावा लागला. तो ९९.९५ टक्के लागला. त्या आपत्तीत दुसरा मार्ग नव्हता आणि मुलांचे वर्ष वाचले हे योग्यच झाले. पण एवढ्या निकालावरून कोणाला काय येते हे ओळखणे कोणालाच शक्य नव्हते. हे कॅमेऱ्याने गणित सोडवणारी साधने आजच्याइतकी रुळण्यापूर्वीचे झाले. आता वहीवर गुण ठेवणे म्हणजे कोणाच्या घरी कोणते साधन आहे त्याला गुण देणे होय.

मोबाइल पोहोचला, भागाकार नाही

या प्रश्नाला सामाजिक बाजू आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची जी पाहणी २०२३ मध्ये झाली, तिच्यात सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के मुलांनाच बरोबर सोडवता आले. उपकरण घराघरांत गेले, भागाकार अर्ध्या वाटेवर राहिला. ज्या मुलाला भागाकार येत नाही त्याच्या वहीत आता वर्गसमीकरणाची सुबक उकल दिसू शकते. पूर्वी त्याची वही कोरी असे, आणि त्या कोऱ्या वहीमुळे तरी शिक्षकाला त्याचे दुखणे कळत असे. सुबक उकलीने ताप उतरत नाही, फक्त तापमापक फुटतो.

शहरातील सुस्थित घरातल्या मुलाला यंत्र मिळते आणि यंत्राच्या उत्तरावर ‘हे असे का?’ विचारणारे माणूसही मिळते. कधी ते शिकवणीतले सर असतात, कधी अभियंता असलेली आई. वाडीवस्तीवरच्या मुलाला फक्त यंत्र मिळते. पूर्वी उकल मिळणे आणि न मिणे यांत विषमता होती. ती कमी झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उद्याची विषमता कारण विचारणारा भेटणे आणि न भेटणे यांत असेल. तिच्यात भाषेचाही वाटा आहे. मराठी माध्यमात दहावीपर्यंत ‘सहगुणक’ आणि ‘चल’ शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञान शाखेत गेला, की एकाएकी सारे इंग्रजीत येते. कारण समजून घेणे तेथे दुप्पट अवघड होते, चिन्हे मात्र दोन्ही भाषांत सारखीच असतात. साहजिकच तो कारणे सोडून चिन्हांचा आश्रय घेतो. या मुलाला यंत्र मराठीत समजावून सांगू शकते, हा त्याचा खरा उपयोग आहे. पण त्यासाठी त्याने उत्तर न मागता कारण मागितले पाहिजे, आणि कारण मागण्याची सवय शाळेनेच लावावी लागते.

चौघांची तपासणी

उपाय कोणता? घरातील मोबाइलवर शाळेची बंदी चालत नाही, आणि प्रत्येक वही बारकाईने तपासा असा उपदेशही पोकळ आहे. साठ मुलांच्या वर्गात पाच उदाहरणांचा गृहपाठ दिला, तर तीनशे उकली होतात. एका उकलीला एक मिनिट धरले तरी पाच तास लागतात, आणि असे वर्ग एकेका शिक्षकाकडे अनेक असतात. म्हणूनच बरोबरच्या खुणेपलीकडे तपासणी जात नाही. शिक्षकाच्या वेळेचा हा हिशेब न मांडता केलेल्या सूचना परिपत्रकातच राहतात.

हिशेबनीस सर्व पावत्या तपासत नाही. काही निवडक पावत्या कसून तपासतो. कोणती पावती निघेल हे आधी ठाऊक नसल्याने साऱ्याच नीट ठेवाव्या लागतात. हेच तत्त्व गणिताच्या तासाला लावता येईल. रोज चार विद्यार्थ्यांना, चिठ्ठी टाकून, फळ्यापाशी बोलवावे आणि त्यांच्याच वहीतील एका पायरीचे कारण विचारावे. प्रत्येकी दोन-तीन मिनिटे पुरतात. साठ मुलांचा वर्ग पंधरा दिवसांत एकदा पुरा होतो. उकल कोठून आणली हे विचारण्याचे कारणच उरत नाही. यंत्राकडून घेतली असेल आणि कारण सांगता येत असेल, तर यंत्राने शिक्षकाचे काम केले. सांगता येत नसेल, तर ते चारचौघांत आणि वेळेवर कळले. मात्र या प्रश्नोत्तरांना गुण जोडू नयेत आणि अडलेल्या मुलाचे हसेही होऊ देऊ नये. नाहीतर कारणेही पाठ करून येतील.

याबरोबर गृहपाठाचे स्वरूप बदलावे लागेल. पाचऐवजी दोनच उदाहरणे द्यावीत, पण त्यांतल्या एकेका पायरीपुढे ‘का?’ हे स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगावे. कधी चुकीची उकल देऊन चूक शोधायला लावावी; क्ष ने भागून शून्य हरवणारी उकल त्यासाठी नमुनेदार आहे. शाब्दिक उदाहरणाचे फक्त समीकरण मांडून आणायला सांगावे, सोडवण्याचे काम हवे तर यंत्रावर सोपवावे. उत्तर आल्यावर ताळा करण्याची जुनी शिस्त पुन्हा सक्तीची करावी, कारण यंत्रही चुकते आणि ताळा हा चूक पकडण्याचा एकमेव फुकट उपाय आहे. परीक्षा मंडळानेही प्रश्नपत्रिकेत काही गुण ‘ही पायरी का योग्य आहे?’ किंवा ‘या उकलीत चूक कोठे आहे?’ अशा प्रश्नांसाठी राखून ठेवावेत. परीक्षेत जे येत नाही ते वर्गात शिकवले जात नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. तो मोडता येत नसेल तर निदान वापरून घ्यावा.

या उपायांचे मोलही द्यावे लागेल. कारणांची उत्तरे तपासणे हे चौकटी तपासण्याइतके सोपे नाही. परीक्षकांत मतभेद होतील, निकालाला वेळ लागेल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज वाढतील. अभ्यासक्रमातील काही प्रकरणे कमी करावी लागतील, आणि कोणती करायची यावर वाद होतील. स्वतः कारण सांगू शकणारे गणिताचे शिक्षक पुरेशा संख्येने नेमावे लागतील, आणि त्यांना अशैक्षणिक कामांतून मोकळीक द्यावी लागेल. हा खर्च नको असेल तर दुसरा खर्च आपोआप होणारच आहे. तो उत्तरपत्रिकेत दिसणार नाही. वहीत सर्व पायऱ्या बरोबर असलेला तरुण जेव्हा कर्जाच्या व्याजाचा, पिकाच्या विम्याचा किंवा कारखान्यातील मोजमापाचा हिशेब दुसऱ्याच्या भरवशावर सोडून देईल, तेव्हा तो दिसेल.

गणित सर्वांना शिकवण्याचा अट्टहास समाज करतो, तो प्रत्येकाने पुढे समाकलने सोडवावीत म्हणून नव्हे. ‘हे असे का?’ हा प्रश्न मोठ्या माणसालाही विचारता येतो, आणि उत्तर पटले नाही तर मान हलवता येते, हे लहान मुलाला सर्वांत आधी गणिताच्या तासाला कळते. तेथे गुरुजींचे उत्तरही ताळ्यात चुकू शकते. पायऱ्या यंत्राने लिहाव्यात. त्यात काही बिघडत नाही. त्यांचे कारण विचारण्याचा हक्क मात्र मुलाच्या हातून सुटता कामा नये, आणि तो त्याच्या हाती ठेवण्याची जबाबदारी यंत्राची नाही, शाळेची आहे.